वार्धक्यातील नैराश्य आणि वृद्धांचे हक्क

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वकील आहे, वैद्य नव्हे. तेव्हा मनाच्या आजारावर बोलण्याचा मला काय अधिकार, असे आपणांपैकी कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त होय. त्याचे उत्तर मी एका प्रकरणाची हकीकत सांगून देतो.

काही वर्षांपूर्वी सत्तरी उलटलेल्या एका विधवा बाई माझ्याकडे आल्या. नवऱ्याच्या मागे राहिलेले दोन खोल्यांचे घर त्यांनी मुलाला बक्षीसपत्राने लिहून दिले होते. आईला शेवटपर्यंत सांभाळीन, अशी अट त्या पत्रात होती. पत्राची नोंदणी झाली आणि वर्षाच्या आत आईची खाट ओसरीवर आली. पुढे दोन वेळचे ताटही बंद झाले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा जो अधिनियम २००७ साली झाला, त्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. या न्यायाधिकरणापुढे पक्षकाराच्या वतीने वकिलाने उभे राहू नये, असे त्याच अधिनियमाचे कलम १७ म्हणते. त्या कलमावर पुढे उच्च न्यायालयांत बराच वाद झाला, तो भाग निराळा. मी केवळ अर्ज व कागद तयार करून दिले. निकाल बाईंच्या बाजूने लागला. घर परत मिळाले, दरमहा चरितार्थाची रक्कमही ठरली. निकालाची नक्कल घेऊन जा, असा निरोप मी मोठ्या समाधानाने पाठविला. बाई आल्या नाहीत. दुसरा निरोप पाठविला, तिसरा पाठविला. शेवटी महिन्याभराने मीच नक्कल घेऊन त्यांच्याकडे गेलो.

बाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, निकाल आपल्यासारखा लागला. ही घ्या नक्कल." त्यांनी मान वळविली नाही. "ठेवा तिकडं, वकीलसाहेब. आता मला काय करायचंय घराचं?" एवढेच त्या बोलल्या. शेजारीण म्हणाली, "दोन महिने झाले, असंच आहे. दोन घास खातात नि पडून राहतात. वय झालं, चालायचंच."

तेव्हा मला आठवले की अर्ज लिहून घेतानासुद्धा माझ्या प्रत्येक प्रश्नावर बाईंचे उत्तर एकच असे, "जे होईल ते होईल." तो मी त्यांचा भोळेपणा समजलो होतो. साक्षीदाराच्या तोंडावरून त्याच्या मनातले ओळखणे हा ज्याचा धंदा, त्याने महिनोन्‌महिने समोर बसलेल्या माणसाचे दुखणे ओळखले नव्हते. गावच्या डॉक्टरने शक्तीचे औषध आणि अंगदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या. जिल्हा रुग्णालयात नेल्यावर तेथील मानसोपचाराच्या डॉक्टरांनी अर्धा तास बसवून घेतले, झोपेविषयी विचारले, भुकेविषयी विचारले, जीव नकोसा वाटतो काय हेही सरळ विचारले. थायरॉईडची रक्ततपासणी करविली आणि सांगितले, "हे वयाचे नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो." औषध अगदी थोड्या मात्रेने सुरू झाले. पहिले तीन आठवडे काही फरक दिसला नाही. सहाव्या आठवड्यात बाईंनी आपण होऊन चहा मागितला. चौथ्या महिन्यात त्या स्वतः माझ्या कचेरीत आल्या आणि नकलेत आपले नाव चुकीचे लिहिले आहे म्हणून माझ्याशी भांडल्या. मला इतका आनंद दुसऱ्या कोणत्याही पक्षकाराच्या रागाने झालेला नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाचा पाठपुरावा करीत आलो आहे. हुकूमनामा मिळविणे मला येत होते. परंतु ज्या माणसासाठी तो मिळवायचा, ते माणूसच आतून विझत चालले असेल तर त्या कागदाचा उपयोग काय?

हे दुखणे एका बाईचे किंवा एका गावाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे साठ वर्षांवरील माणसांत नैराश्याच्या आजाराचे प्रमाण ५.७ टक्के आहे. २०२० साली जगात साठीपुढची माणसे सुमारे शंभर कोटी होती. म्हणजे आज जगाच्या पाठीवर कित्येक कोटी म्हातारी माणसे या आजाराने भिंतीकडे तोंड करून निजलेली आहेत. २०३० पर्यंत ही शंभर कोटींची संख्या एकशेचाळीस कोटींवर जाईल. जगात आत्महत्येने जे मृत्यू होतात त्यांतील सुमारे चतुर्थांश साठीपुढच्या माणसांचे असतात, असेही ती संघटना सांगते. आत्महत्या म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षेत नापास झालेला मुलगा येतो, कर्जबाजारी शेतकरी येतो; घरातला आजोबा येत नाही.

आता आपल्या देशाकडे पाहू. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक माणसांची घरोघर जाऊन पाहणी केली. प्रश्न विचारून ज्यांच्यात या आजाराची लक्षणे सापडली अशी साठीपुढची माणसे निघाली ८.३ टक्के. डॉक्टरांनी आपल्याला हा आजार असल्याचे सांगितले आहे, असे म्हणणारी निघाली ०.८ टक्के. हे दोन आकडे आपण शेजारी शेजारी मांडून पाहावेत. दर दहा आजाऱ्यांमागे एकाच्याच आजाराला नाव मिळाले आहे. बाकीच्या नऊ जणांचा आजार कोणाच्याच दप्तरी नाही. न्यायालयाच्या भाषेत बोलायचे तर त्यांचा अर्जच दाखल झालेला नाही. आणि जो अर्ज दाखलच नाही, त्याचा निकाल कोणते सरकार देणार?

नाव का मिळत नाही, याचा विचार केला पाहिजे. एक कारण असे की म्हातारे माणूस 'माझे मन उदास आहे' असे बोलत नाही. तशी बोलण्याची रीत त्याला कोणी शिकविलेली नाही. ते म्हणते, अंग मोडून आले आहे, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. काही जण चिडचिडे होतात, काहींना विसर पडू लागतो, आणि घरची माणसे समजतात की बुद्धीला म्हातारचळ लागला. डॉक्टर पाठदुखीचे औषध देतो. दुखणे मनाचे, औषध पाठीला! म्हणूनच वृद्धांच्या नैराश्याची पारख करण्यासाठी १९८० च्या दशकात जी प्रश्नावली तयार झाली आणि जिचा पंधरा प्रश्नांचा लहान नमुना आज जगभर वापरला जातो, तीत शरीराच्या तक्रारींविषयी मुद्दामच विचारलेले नाही. कारण त्या वयात गुडघे कोणाचे दुखत नाहीत? आवडीची कामे सोडलीत काय, आयुष्य रिकामे वाटते काय, अशा अर्थाचे साधे प्रश्न आहेत आणि उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच द्यावयाचे आहे.

दुसरे कारण आपल्या समजुतीत आहे. 'म्हातारपण म्हणजे दुःख असायचेच', 'भोग आहेत, भोगून संपवायचे' असे म्हणणारी माणसे आपल्या घरांतही आहेत. ज्यांनी जन्माने ठरलेला दर्जा नाकारला, ज्यांनी कपाळावरचे लिखित मानले नाही, त्यांनी आपल्याच आईच्या बाबतीत मात्र कपाळाचा हवाला द्यावा, हे मला विसंगत वाटते. दुःखाला कारण असते, आणि कारण शोधले तर उपाय सापडतो, एवढे तरी आपण मानतो ना? मग शोधू या.

शोक आणि आजार यांची गल्लत मात्र करू नये. जोडीदार गेला, तरणाताठा मुलगा गेला, तर माणूस रडेल, जेवणार नाही. तो आजार नव्हे. शोकात माणूस मधूनच नातवाकडे पाहून हसते, गेलेल्याच्या आठवणी काढते, कोणी आले तर बरे वाटते. परंतु दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, दोन आठवड्यांच्या वर, कशातच रस नाही, कशानेच बरे वाटत नाही, आपण निरुपयोगी आहोत, घराला ओझे आहोत, असे म्हणणे सुरू झाले तर डॉक्टरकडे नेलेच पाहिजे. 'आता जगून काय करू' हे वाक्य म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचे नेहमीचे पालुपद समजून कोणी हसण्यावारी नेऊ नये. जवळ बसून सरळ विचारावे, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे, विचारल्याने मन मोकळे होते. उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला एकटे ठेवू नये, घरातले पिकावरचे औषध व साठविलेल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कोणी म्हणेल, हा आजार पश्चिमेकडच्या एकाकी म्हाताऱ्यांचा; आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे. माझ्या पक्षकार बाई कोठे राहत होत्या? मुलाच्या घरी, सून-नातवंडांत. ओसरीवर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दर सहा वृद्धांपैकी एकाला छळ सोसावा लागतो, आणि तो छळ पुष्कळदा सांभाळणाऱ्यांकडूनच होतो. एका छपराखाली राहणे वेगळे आणि विचारात घेतले जाणे वेगळे.

देश श्रीमंत झाला म्हणजे हे दुखणे आपोआप जाते, असेही नाही. दक्षिण कोरिया हा आज जगातील सधन देशांत मोडतो. परंतु ओईसीडी या प्रगत राष्ट्रांच्या संघटनेत वृद्धांच्या आत्महत्येचे प्रमाण कित्येक वर्षे त्याच देशात सर्वांत अधिक राहिले आणि वृद्धांतील दारिद्र्यही तेथेच सर्वांत अधिक, शंभरांत सुमारे चाळीस. ज्या पिढीने कारखाने उभारले, तिच्या हाती म्हातारपणी पेन्शन नव्हती. मुले सांभाळतील हा भरवसा होता आणि तो भरवसा मुले शहरांत गेल्यावर तुटला.

याच्या उलट मेक्सिकोचे उदाहरण पाहा. तेथील सरकारने २००७ साली खेड्यांतील सत्तर वर्षांवरील माणसांना, त्यांनी पूर्वी वर्गणी भरलेली असो वा नसो, दरमहा पाचशे पेसो देण्यास प्रारंभ केला. ही रक्कम मोठी नव्हती. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी ज्यांना ती मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही अशांची तुलना केली, तेव्हा मिळालेल्यांत नैराश्याची लक्षणे कमी आढळली. मला यात नवल वाटत नाही. हातात स्वतःचे चार पैसे असले की म्हातारी नातवाला खाऊ देते आणि सून तिला हाक मारते. पैशाने मनाचा आजार बरा होतो असे मी म्हणत नाही. परंतु लाचारीने तो वाढतो, याविषयी मला शंका नाही.

आणि आता आपल्या अगदी शेजारचे, गोव्याचे उदाहरण. मला ते सर्वांत मोलाचे वाटते. गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साठीपुढच्या १८१ माणसांवर एक प्रयोग केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. या माणसांत उदासीची लक्षणे होती, परंतु पुरता आजार जडलेला नव्हता. ९० जणांना नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. ९१ जणांकडे त्याशिवाय एक साधा प्रशिक्षित माणूस जात असे. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्राचा पदवीधर नव्हता. तो काय करी? समोरच्याची अडचण ऐकून ती सोडविण्याच्या पायऱ्या त्याच्याबरोबर ठरवी. झोप नीट लागावी म्हणून काय करावे ते सांगे. मधुमेहासारख्या दुखण्यात स्वतःची काळजी कशी घ्यावी ते समजावी. आणि सरकारी योजनांचा व दवाखान्यांचा लाभ मिळवून देण्यास मदत करी. वर्षअखेर पहिल्या गटातील १३ जणांना नैराश्याचा आजार जडला होता. दुसऱ्या गटातील फक्त ४ जणांना.

बंधूंनो, या चार कामांतले शेवटचे काम पुन्हा ऐका. पेन्शनचा अर्ज भरून देणे, दाखल्यासाठी कचेरीत सोबत जाणे, हे त्या डॉक्टरांनी उपचारात धरले! आम्ही वकील आणि तुम्ही शिकलेली मुले ज्याला किरकोळ कारकुनी समजतो, ते औषध आहे. तेरा आणि चार यांतील सगळा फरक अर्जांनी पडला असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. चारही कामे मिळून तो उपाय होता. परंतु त्यातला एक भाग आपल्यापैकी प्रत्येक साक्षर माणसाच्या हातचा आहे.

साध्या माणसाकडून हे काम होते याचा दाखला आफ्रिकेतही आहे. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसविले. दुखणाईत माणसाने आजीशेजारी बसावे आणि बोलावे. शोना भाषेत या दुखण्याला 'फार विचार करणे' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि आज्या तोच शब्द वापरतात; परदेशी नावाने कोणाला बुजवीत नाहीत. तेथे येणारे लोक सर्व वयांचे होते, त्यामुळे हा पुरावा वृद्धांच्या आजाराचा नव्हे. मला तो सांगावासा वाटला तो निराळ्या कारणाने. आपण म्हातारीला घरात निरुपयोगी ठरवितो, आणि हरारेत त्याच वयाच्या बाईला दवाखाना आपली कामकरी मानतो.

आता हक्कांकडे वळतो. २९ मे २०१८ पासून देशात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या दवाखान्यांतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. विमा कंपनीने शारीरिक आजाराला जी सोय दिली तीच मानसिक आजाराला दिली पाहिजे, असे कलम २१ म्हणते. विजेच्या उपचाराची लोकांना फार धास्ती असते; तो भूल दिल्याशिवाय करण्यास या अधिनियमाने बंदी केली आहे. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर दंड संहितेच्या कलम ३०९ खाली खटला होई, म्हणून घरची माणसे ते झाकून ठेवीत आणि उपचार राहून जात. २०१७ च्या अधिनियमाने असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलमच उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेवला आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणीही दवाखाना टाळू नये.

२००७ च्या अधिनियमाखाली न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत चरितार्थ मिळू शकतो आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल व्हावा अशी अपेक्षा आहे. वृद्ध स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. ही तरतूद आपल्या विषयात फार महत्त्वाची आहे. नैराश्याने ग्रासलेला माणूस आपला हक्क मागायला उठतच नाही. 'जाऊ द्या, मुलगाच आहे' म्हणतो. ते औदार्य आहे की आजार, हे ओळखण्याची जबाबदारी आपली.

आणि पेन्शन. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. महिन्याचे दोनशे! आपल्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेत मिळून दरमहा १५०० रुपये हाती येतात. तेवढ्यासाठीही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर बोट ठेवावे तर ठसा उमटत नाही. जन्मभर वीट, माती, झाडू आणि दगड हाताळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांनाच यंत्र सांगते की तुमची ओळख पटत नाही. मी जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठी तीन तीन खेपा घालून रिकाम्या हाताने घरी परतणारे म्हातारे काय विचार करीत असेल? ठसा उमटत नसेल तर ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग कचेरीने दिला पाहिजे, आणि तो लेखी अर्जाने मागितला पाहिजे. तोंडी विनंतीची पोच मिळत नसते.

औषधाविषयी एक व्यावहारिक सूचना. परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात, तोवर 'गुण नाही' म्हणून गोळ्या सोडू नयेत. बरे वाटू लागले म्हणूनही आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. रक्तदाबाची, मधुमेहाची जी औषधे चालू असतील त्यांची चिठ्ठी मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवावी. त्यांतील काही औषधांनीही मन खचते. ऐकू कमी येत असेल तर कानाची तपासणी करावी, कारण बहिरे माणूस बोलण्यातून सुटते आणि मग घरातूनच सुटते.

१४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. तेथे रात्री-बेरात्री, पैसे न देता, मराठीतून बोलता येते. १४५६७ हा वृद्धांच्या मदतीचा क्रमांक आहे. पेन्शन, छळ, निवारा यांबाबत तेथे विचारावे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरातल्या भिंतीवर लावावेत, म्हाताऱ्यांच्या नजरेच्या उंचीवर.

श्रावणबाळ योजनेचे, चरितार्थाच्या अर्जाचे आणि हयातीच्या दाखल्याबाबत द्यावयाच्या अर्जाचे कोरे नमुने मी बरोबर आणले आहेत. ते दाराजवळच्या मेजावर ठेवले आहेत. तरुण मंडळींपैकी ज्यांना लिहिता येते त्यांनी सभा संपल्यावर तासभर थांबावे. आज येथे आलेल्या वृद्धांचे अर्ज आपण आजच भरून घेऊ. जे येऊ शकले नाहीत, अंथरुणावर आहेत, त्यांची नावे व घरे मला लिहून द्यावीत. येत्या रविवारी आपण त्यांच्याकडे जाऊ.